मादी अंड्यावर बसली ते दिवस

माझं काम गवत राखायचं. कागदोपत्री मी वनरक्षक आहे, पण माझ्या बीटात वन म्हणावं असं काही नाही. परंड्याच्या अलीकडं मुरमाड माळ आहे, त्यावर कुसळी आणि पवन्या गवत, मधूनमधून तरवड, बोराटी, हेकळीची जाळी. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, इथं आहे काय राखायला?

आमच्याकडं एक नोंदवही आहे. कोणत्या महिन्यात काय दिसलं ते तिच्यात लिहायचं. दिवाळीनंतर भोवत्या येतात, गवतावरून खाली खाली तरंगत जाणारे शिकारी पक्षी. माघात खोकडाची पिल्लं बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतात. चैत्र-वैशाखात पाणवठ्यावर चिंकारा येतो, लांडगा येतो, एकमेकांची वेळ चुकवून येतात. आणि पावसाळ्याचं पान माळढोकाचं. कमरेएवढा उंच, मान पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा हा पक्षी आधी या भागात लोकांनी शेळ्यांच्या कळपासारखा चरताना बघितलाय म्हणतात. माझ्या आधीच्या वनरक्षकांच्या अक्षरात मी वाचलं होतं, नर एक, माद्या तीन. मग नर एक, मादी एक.

मी आले त्या पहिल्या पावसाळ्यात नर मी एकदाच बघितला. सकाळी टेकाडावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवून घुमत होता. रिकाम्या घागरीत कुणी तोंड घालून हुंकार द्यावा तसा आवाज. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मादी मात्र यायची. आषाढात यायची, दसऱ्याच्या पुढंमागं निघून जायची. एकटीच.

माझ्यासोबत एक वनमजूर आहेत, साठीला टेकलेले. मी त्यांना मामा म्हणते, ते मला बाई म्हणतात. दुर्बीण त्यांना लागत नाही, बोलणं फारसं लागत नाही. त्या तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढाची पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले असतील. मी पाणवठ्याजवळ होते, तर मामा गवतातून वाकडे वाकडे चालत आले. त्यांना घाई असली की ते असे चालतात.

“मादी बसलीय,” ते म्हणाले. “हेकळीच्या वरल्या अंगाला. कालधरनं उठंना झालीय.”

आम्ही लांबून बघत पडून राहिलो. दुपार कलल्यावर ती उठली, चारी बाजूंना मान फिरवून बघितलं आणि चरायला खाली उतरली. ती पुरेशी लांब गेल्यावर आम्ही गेलो. घरटं असं काही नसतं. जमिनीत बशीएवढा खळगा, त्यात एकच अंडं. शेवाळी रंगाचं, वर तपकिरी डाग. दोन पावलांवरून नजर चुकावी असं.

मी तिथंच गुडघ्यावर बसले. या माळावर अंडं सापडल्याची शेवटची नोंद वहीत शोधावी लागली असती, इतकी जुनी होती. मी मामांकडं बघून हसले, पण ते हसले नाहीत.

“नर कुठंय बाई?” ते म्हणाले.

मी म्हटलं, येऊन गेला असेल. हे पक्षी कुठून कुठं हिंडतात, आपल्याला सगळं थोडंच दिसतं. एखाद्या पहाटे आला असेल, दोन दिवस थांबून सोलापूरकडं गेला असेल. मामा परत फिरले, माझ्या पावलांचे ठसे हातानं पुसत पुसत.

आमच्या रेंजच्या साहेबांना कळवलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, लांबूनच बघितलं, आणि तिच्याजवळ दोघांशिवाय तिसरं माणूस फिरकता कामा नये अशी ताकीद दिली. सत्तावीस-अठ्ठावीस दिवस लागतात, म्हणाले. जीपमध्ये बसताना खाली मान घालून त्यांनी सांगितलं की पिल्लू निघालं तर मी कुठंही असलो, मीटिंगमध्ये असलो, तरी फोन करा.

तारेचं कुंपण निम्म्या माळालाच आहे. हेकळीची बाजू उघडी. तिकडून दरवर्षी एका धनगर बाईची मेंढरं येतात. नवरा वारल्यापासून ती एकटीच कळप सांभाळते. पन्नाशीची, काटक, तोंडानं तिखट. उन्हाळ्यात मी तिला राखीव क्षेत्रातून हाकलली होती आणि हाकलताना नको ते बोलले होते. आता मला तिच्याकडं जावं लागणार होतं.

तिचं पाल ओढ्याच्या पलीकडं होतं. मी भर दुपारी चालत गेले. तिनं बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, की असं असं अंडं आहे, नर कुणी बघितला नाही, मेंढरांच्या खुराखाली गेलं तर संपलं, तुमची कुत्री मोकळी सुटली तरी संपलं. एक महिना या बाजूला येऊ नका. कायदा माझ्या बाजूनं होता, पण तो मी बोलले नाही. मी हात जोडले.

ती म्हणाली, “महिनाभर मेंढरं काय वारा खातील व्हय?”

तिनं पातेल्यातला चहा गाळला, एक कप माझ्यापुढं धरला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं सांगितलं की ओढ्याच्या खालच्या बाजूला एकाचं पडीक आहे, त्याला विचारून बघते. चहा पिऊन मी निघाले, तर तिनं मागून हाक मारली.

“म्या ऐकला बरं का त्याला. आर्द्रात. सकाळच्या पारी. लई घुमत हुता.”

मी ओढा कसा ओलांडला मला आठवत नाही. मामांना गाठून सांगितलं. ते विडी ओढत होते. त्यांनी एवढंच म्हटलं की ऐकला असंल तिनं. मी त्याच दिवशी वहीत पेन्सिलीनं लिहिलं, नर, आवाज, ऐकीव. आपण बघितलं नाही ते लिहू नये असं मामा म्हणाले, म्हणून पेन्सिल.

त्यानंतरचे दिवस मी मोजत राहिले. उजाडल्यापासून दुपारपर्यंत मी, पुढं मामा. रात्री त्यांनी कधी मला थांबू दिलं नाही. आम्ही हेकळीपासून बरंच लांब तुराट्यांचं आणि गवताचं लपण केलं होतं, त्यात दोन माणसं पाय मुडपून जेमतेम मावायची. तिथून तिचं फक्त डोकं आणि मानेचा तुकडा दिसायचा. ती तासन्‌तास हलायची नाही. माशा डोळ्यांवर बसायच्या, ती डोळे मिटायची आणि उघडायची. वरून घार गेली की मान जमिनीला लावायची. मी तिच्याबरोबर श्वास धरायला शिकले. घोरपड दिसली तर कुठून उठायचं, मुंगूस आलं तर काय फेकायचं, सगळं मनात ठरलेलं. डोळ्याला डोळा लागला की मी दचकून जागी व्हायचे.

दहाव्या दिवशी झड लागली. तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. मुरमातून पाणी निचरतं, पण खळग्याच्या वरच्या बाजूनं एक बारीक ओघळ तयार झाला होता आणि तो तिच्या दिशेनं येत होता. ती उठून दोन पावलं बाजूला उभी राहिली, पिसं अंगाला चिकटलेली, आणि पाण्याकडं बघत राहिली. मला दुर्बिणीतून ओघळ पुढं सरकताना दिसत होता. मी मामांकडं बघितलं. जवळ जायचं नाही असा नियम आमचाच. मामा खुरपं घेऊन पालथे पडले आणि सरपटत निघाले. मी त्यांच्या मागं. ती चालत लांब गेली, उडाली नाही. आम्ही चिखलात पडल्या पडल्या चर खोदला, मी हातानं, ते खुरप्यानं, आणि पाणी बाजूला वळवलं. माझी नखं उलटली. परत येऊन बसलो आणि पाव तासानं ती अंड्यावर येऊन बसली. मामांनी तोंडावरचा चिखल पुसला. ते त्या दिवशी हसले.

पंचमीला आईचा फोन आला. लग्न झाल्यापासून एकही पंचमी मी माहेरी चुकवली नव्हती. आईला मी सांगितलं की सुट्टी नाही. ते खोटं होतं. सुट्टी मिळाली असती. संध्याकाळच्या आत नवरा बार्शीहून मोटरसायकलवर डबा घेऊन आला, त्यात दिंडं होती. तो शाळेत शिक्षक आहे, माझ्या नोकरीबद्दल फार विचारत नाही. त्याला मी लपणात नेलं. त्यानं बराच वेळ दुर्बीण डोळ्यांना लावली आणि हळूच विचारलं, “ही खाते कधी?”

सुरुवातीला ती दोनदा उठायची. आता दिवसातून एकदा, तेही थोड्या वेळापुरतं. मी ते बघत होते, पण माझ्या मनानं ते घेतलं नव्हतं.

चोविसाव्या दिवशी सकाळी कुत्री आली. गावाकडची तीन मोकाट कुत्री, वासावर, नाक जमिनीला लावून. मी लपणातून उठेपर्यंत ती हेकळीपाशी पोहोचली होती. मादी उठली, पंख पसरले आणि लंगडल्यासारखी वाकडी पळत सुटली. त्यांनी आपल्या मागं यावं म्हणून. दोन तिच्या मागं लागली. तिसरं थांबलं आणि अंड्याकडं वळलं.

मी ओरडत पळत होते. दगड फेकत होते आणि एकही लागत नव्हता. मग बोराटीत पाय अडकून तोंडावर पडले. मान वर करते तर ती धनगर बाई ओढ्याकडून येत होती, काठी उगारून, लुगड्याचा काचा मारलेला. तिनं कुत्र्याच्या पाठीत जी काठी हाणली, ते केकाटत सुटलं. मागून बाकीची दोन्ही. ती या बाजूला रोज नजर ठेवून बसायची हे मला तेव्हा कळलं.

अंडं होतं तिथंच होतं. शाबूत होतं. मादी मात्र नव्हती. एक तास गेला, दीड तास गेला. ऊन नव्हतं, वारा गार होता. मी खळग्याजवळ गेले. जाऊ नये ते मला ठाऊक होतं. मी गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे अंड्यावर धरले, न लावता, दोन बोटं अंतर ठेवून. कोंबडीच्या अंगाएवढी ऊब माझ्या हातात असेल का, असा काहीतरी वेडा विचार. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मी रडत होते. मामा धावत आले होते. ते माझ्या मागं उभे राहिले.

“उठा बाई,” ते म्हणाले. “तुम्ही हितं हाय तवर ती यायची न्हाय.”

मी उठले. आम्ही तिघंही ओढ्यापर्यंत मागं गेलो आणि गवतात बसलो. दुपारी कधीतरी ती पायी पायी आली, चार पावलं टाकायची, थांबायची. मग बसली. धनगर बाईनं माझ्या गुडघ्यावर दगडीपाला चोळून लावला आणि उठून मेंढरांकडं गेली.

सत्तावीस झाले. अठ्ठावीस झाले, ती राखीपौर्णिमा होती. साहेबांचा फोन सकाळ-संध्याकाळ. मी सांगायचे, बसलीय साहेब. एकोणतीस. तीस. मी देवधर्म फार करणारी नाही, पण तिसाव्या दिवशी लपणात बसून मी तुळजापूरच्या आईला बोलले. काय बोलले ते सांगत नाही. तिची मान आता बारीक दिसत होती. पाठीवरची पिसं विस्कटलेली. अंडं मात्र ती नेमानं चोचीनं फिरवायची, आणि तिनं ते फिरवलं की मला वाटायचं, हिला आत काहीतरी जाणवत असणार, नाहीतर कशाला फिरवील.

पस्तिसाव्या दिवशी मामा म्हणाले की अंडं काढून घ्या, नाहीतर ती बसल्या जागी मरंल. मी त्यांच्यावर चिडले. आत जीव नाही हे तुम्हाला कशावरून कळलं, मी म्हणाले. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ते नकोच होतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे बोलले. ते ऐकून घेऊन उठले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. साहेबांनी पुण्याकडच्या एका जाणकारांना विचारलं होतं. ती आपणहून सोडेपर्यंत हात लावू नका, असा त्यांचा निरोप आला. मला बरं वाटलं. मला अजून आशा धरायची परवानगी मिळाल्यासारखं झालं.

मी हिशेब मांडायला बसले. धनगर बाईनं नर ऐकला तो नेमका दिवस कोणता? आर्द्रा लागल्या लागल्या की संपताना? कदाचित आमचेच दिवस चुकत असतील. मी ओढा ओलांडून तिच्या पालावर गेले. ती कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मी विचारलं, त्या सकाळी आभाळ होतं का, बाजाराच्या आधी की नंतर, काहीही आठवतं का. तिनं कोकरू मांडीवरून खाली ठेवलं.

“बाई, म्या काय ऐकलं न्हाय,” ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय.

“तुमी त्या दिशी उन्हात आलता. मला हात जोडलं. वर्दीतल्या मान्सानं मला आजवर हात जोडलं नव्हतं. तुमचं त्वांड बघवंना. वाटलं, कायतरी द्यावं ह्या बाईला.”

मी उठले. राग आला होता, आणि तो कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं. ओढ्याच्या काठाला जाऊन उभी राहिले. पाणी गढूळ होतं. तिनं मला खोटं दिलं होतं आणि त्या एका खोट्यावर मी महिनाभर जगले होते. ऑफिसात जाऊन मी पेन्सिलीची ओळ खोडली. खोडरबरानं कागद पातळ झाला, अक्षरांचे दाब राहिलेच.

पण मी लपणात जायचं थांबवलं नाही. मादी बसली होती तोपर्यंत मी तिथं नसणं मला जमलं नसतं. मामांची माफी मागितली. ते म्हणाले, त्यात काय. त्यांनी सांगितलं की त्यांच्या बायकोचं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि तीन दिवस ती म्हणत होती की हलतंय. ती खोटं बोलत नव्हती, म्हणाले. तिला खरंच तसं वाटत होतं. एवढं बोलून त्यांनी विडी पेटवली. इतकी वर्षं सोबत काम करून हे मला माहीत नव्हतं.

एकेचाळिसाव्या दिवशी, पोळ्याच्या दोन दिवस आधी, सकाळी ती उठली. अंड्याशेजारी उभी राहिली. चोचीनं एकदा फिरवलं. मग पश्चिमेला चालायला लागली. नेहमी चरायला निघताना ती मान वळवून मागं बघायची. या वेळी बघितलं नाही. मी दिवस मावळेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी मामांनी मला शिवेच्या पलीकडचं उडदाचं रान दाखवलं. ती तिथं टोळ खात होती, भराभर, जनावरासारखी. ती खात होती हे बघून मला आनंद झाला, आणि अंडं आता कायमचं सुटलं हेही त्याच वेळी कळलं.

साहेब आले, ते जाणकारही आले. त्यांनी अंडं उचललं, उजेडाकडं धरलं, कानाशी हलवलं. मग सावलीत बसून कवच फोडलं. वास सुटला. पिवळट पाणी होतं, बाकी काही नाही. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, की नर नसला तरी मादी कधीकधी अंडं घालते, त्यातून पिल्लू कधीच निघालं नसतं, यात तुमची काही चूक नाही. साहेब मुरमावर बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. मी विचारलं, कुत्री आली त्या दिवशी ते गार पडलं होतं, त्यानं तर नाही ना झालं? जाणकार म्हणाले, नाही. मी आणखी दोनदा विचारलं. प्रत्येक वेळी ते तितक्याच शांतपणे नाही म्हणाले.

ती दसऱ्यापर्यंत माळावर होती. नंतर दिसली नाही. त्यानंतर दोन पावसाळे झाले. आषाढात मी आणि मामा रोज सकाळी टेकाडावर जातो आणि दोन बाजूंना तोंडं करून बसतो. धनगर बाई भेटली की मी काही विचारत नाही आणि तीही सांगत नाही. लांडगा येतो. चिंकारे वाढले आहेत. येणारे लोक फोटो काढतात आणि म्हणतात, छान जपलाय माळ. मी मान हलवते.

गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावलं. माझी इथली मुदत संपत आली आहे, बार्शीजवळचं ठिकाण मिळू शकेल, घरी राहता येईल, असं सांगितलं. मी म्हटलं, मला अजून एक पावसाळा इथंच राहू द्या. त्यांनी अर्ज पुढं ओढला आणि कारण काय लिहायचं ते विचारलं. मी पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. शेवटी त्यांनीच पेन उचललं आणि लिहिलं, कौटुंबिक.